वखारीतली सातवी खाट

आमच्या हॉस्पिटलचा बायकांचा पहिला वॉर्ड तंबाखूच्या वखारीत होता. विद्यापीठाच्या कुठल्याही पुस्तकात हे छापलेलं नाही. तिथं पहिला फोटो कोनशिलेचा असतो, आणि कोनशिला पुष्कळ नंतर बसली. वखार आधीची. दगडी भिंती, फार उंचावर लहान लहान खिडक्या, आत भर उन्हाळ्यातही गार. खाटा घालण्याआधी भिंतींना तीनदा चुना दिला. तरी दमट दिवसांत चुन्यातून तपकिरी डाग वर यायचे आणि वास सुटायचा. नवीन नर्स आली की पहिला आठवडा शिंकत असायची. मग सवय व्हायची. मलाही झाली.

मी तिथं रेकॉर्ड सेक्शनला होतो. कारकून म्हणून लागलो, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. बेळगावातून रोज सकाळी निपाणीकडं जाणारी बस पकडायची आणि वाटेत महामार्गावर उतरायचं, असं माझं सगळं आयुष्य गेलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. माणसांचीही नावं लिहीत नाही. जी मेली तिचं नाव लिहायचा हक्क मला उरलेला नाही, आणि तिचं नाही तर इतरांचं तरी कशाला.

गेल्या वर्षी विद्यापीठातले एक प्राध्यापक घरी आले. येताना बेळगावी कुंद्याची मिठाई घेऊन आले. स्मरणिका काढायची होती. म्हणाले, "सुरुवातीचे दिवस पाहिलेले आता तुम्हीच उरलात आजोबा. लहानशा रोपट्याचा वटवृक्ष कसा झाला, तेवढं लिहा." मुलाला त्या दिवशी उद्यमबागेतल्या कारखान्याची सुटी होती. तोही म्हणाला, "लिहा की बाबा, दिवसभर नुसते बसून असता."

पहिली तीन पानं सहज झाली. रोपटं वगैरे काही नव्हतं. आधी दवाखाना होता, मग वखार भाड्यानं घेऊन हॉस्पिटल झालं, मग संस्थेच्या मोठ्या माणसांच्या डोक्यात मेडिकल कॉलेज आलं, आणि कॉलेज वाढत वाढत विद्यापीठ झालं. हे सगळं मी नीट लिहिलं. एक्स-रे मशीन बैलगाडीतून आणलं ते लिहिलं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि डॉक्टरांनी मोटारीचा दिवा दारातून आत पाडायला लावला तेही लिहिलं. चौथ्या पानावर हात थांबला. चौथ्या पानावर कॉलेजला मान्यता मिळायची होती.

मान्यतेची अडचण अशी होती. कॉलेज काढायचं तर हॉस्पिटलच्या खाटा भरलेल्या दिसल्या पाहिजेत. विद्यार्थी शिकणार कुणावर? आणि आमच्याकडं माणसं येत नव्हती. या भागातला माणूस आजारी पडला की बेळगावला जायचा, नाहीतर सरळ मिरजेला. आमच्या खाटांवर चादरी घडी न मोडता पडून असायच्या. दिल्लीहून तपासनीस येणार म्हटलं की संस्थेची गाडी निपाणीच्या बाजूच्या खेड्यांत जायची आणि विडीकाम करणाऱ्या, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका घेऊन यायची. दोन दिवस खाटेवर झोपायचं, दोन वेळचं जेवण, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. बायका याला 'कॅम्प' म्हणायच्या. खुशीत यायच्या. आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी आडवं व्हायला मिळतंय, असं त्यांतली एक मला म्हणाली होती.

त्यांना पेशंट करायचं काम माझं. प्रत्येकीचा केसपेपर लिहायचा. आजार जुन्या, खऱ्या पेशंटच्या कागदावरून उतरवायचे. एकीचं दुखणं दुसरीला द्यायचं. तापाचा तक्ता दिवसातून चार वेळचा भरायचा. मी तो आधीच, एका बैठकीत, तीन वेगवेगळ्या पेनांनी भरत असे. तीन पाळ्यांच्या तीन नर्सा लिहितात, हे दिसलं पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझंच डोकं. आणि शेवटी प्रत्येकीचं डिस्चार्ज कार्ड. अधीक्षक डॉक्टर म्हणायचे, "अहो, ह्या बायकांना कार्ड कशाला?" मी म्हणायचो, "साहेब, दाखल झालेला माणूस कागदावर बाहेरही पडला पाहिजे." माझ्या सेक्शनमध्ये अर्धवट कागद नसे. याचा मला अभिमान होता. तो होता हेही इथं लिहून ठेवतो.

तर त्या खेपेला आलेल्या बायकांत एक पन्नाशीच्या आतबाहेरची होती. सातव्या खाटेवरची. गाडीतून उतरतानाच ती सगळ्यांना हसवत उतरली. बायकांच्या बोटांना तंबाखूचा रंग असतो, तो तपासनिसाला दिसू नये म्हणून आम्ही लिंबाच्या फोडी वाटायचो, नखं घासायला. तिनं फोड घेतली आणि म्हणाली, "निस्तं लिंबूच? मीठ-मिरची आणा की अण्णा, दुखणं तोंडी लावून खातो."

पहिल्या दिवशी तालीम. मी तपासनीस व्हायचो आणि खाटेखाटेशी जाऊन विचारायचो, काय होतंय. तिच्यापाशी गेलो तर म्हणते, "मला बाळंतपणाचं दुखणं द्या. लई वर्सं झाली, इसरून गेलोय."

"वय बघा की आक्का."

"वय कागदावर तुमीच लिवणार न्हवं? लिवा पंचवीस. आमच्या मालकास्नी दाखवतो."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. मी तिला पोटदुखी दिली. कागदावर लिहिलं, निरीक्षणासाठी दाखल. ती इतकं हुबेहूब कण्हून दाखवू लागली की अधीक्षक म्हणाले, "हिला नाटक कंपनीत घाला."

तपासनीस दुसऱ्या दिवशी यायचे होते. ते बेळगावजवळ सांबऱ्याला विमानानं उतरणार आणि तिथं उभा केलेला आमचा माणूस फोन करणार, अशी व्यवस्था. त्या काळी सांबऱ्याला विमान कधी यायचं, कधी नाही. त्या दिवशी आलं नाही. बायकांना आणखी एक दिवस ठेवावं लागलं. एकीला घरी म्हैस व्यायची काळजी, दुसरीला पोराची. मी सगळ्यांच्या तक्त्यांवर आणखी एका दिवसाचा ताप भरला. म्हणजे ताप नाही असं भरलं.

दुपारी सातव्या खाटेवरची जेवली नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. म्हणाली, "अण्णा, बेंबीपाशी दुखतंय."

शेजारच्या खाटेवरची म्हणाली, "आगं, विन्स्पेक्टर उद्या येणार हाय. आज कुणाफुडं कण्हतीस?"

पुन्हा सगळ्या हसल्या. तीही हसली. मला वाटलं, दोन दिवस बसून राहिल्यानं पोट धरलं असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांबऱ्याहून फोन आला, उतरले. हाताशी तासाभराचा वेळ. मी वॉर्डातून शेवटची फेरी मारली, केसपेपर ज्याच्या त्याच्या खाटेला आहेत का बघत. ती कुशीवर पडली होती. उजवा पाय आखडून पोटाशी घेतलेला. ओठांवर घाम. खाली फरशी पुसून पोत्याचा तुकडा टाकलेला होता. तिला उलटी झाली होती. मी जवळ गेलो तशी तिनं माझं मनगट धरलं.

"अण्णा, खरंच दुखतंय वो."

मी म्हणालो, "असंच म्हणायचं आक्का. 'खरंच' सुद्धा म्हणायचं. झ्याक जमतंय."

आणि मनगट सोडवून घेतलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला कळलं नाही. हे खोटं आहे. तिचा हात भाजत होता. तक्त्यावर माझ्या तीन पेनांनी ताप नाही असं लिहिलेलं होतं आणि हात माझ्या मनगटावर भाजत होता. वॉर्डाच्या दारात शिकाऊ डॉक्टर उभा होता. दहा पावलांवर. त्याला हाक मारली असती तर त्यानं ताप मोजला असता. ताप निघाला असता तर तक्ता खोटा ठरला असता, एक तक्ता खोटा ठरला तर बाकीचे कुणीतरी उलटून पाहिले असते, आणि गाडी फाटकाशी यायला आली होती. एवढा सगळा विचार मी तिथं उभ्या उभ्या केला. मग आठव्या खाटेकडं गेलो.

तपासनीस आले ते नाकाला रुमाल लावूनच. वखारीचा वास त्यांना सोसवत नव्हता. सातव्या खाटेशी थांबले. काय होतंय, विचारलं. अधीक्षकांनी भाषांतर केलं. तिनं उजव्या बाजूला, खाली, हात ठेवून दाखवलं. तोंडातून शब्द निघत नव्हता. तपासनिसांनी तिच्याकडं नाही, तक्त्याकडं पाहिलं. ताप नाही. उलटी नाही. जेवण ठीक. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, रेकॉर्ड कोण ठेवतं? अधीक्षकांनी माझ्याकडं बोट केलं. "फार व्यवस्थित आहे," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. तेही लिहितो.

दुपारी बायका परत जायला निघाल्या. मी गाडीशी उभा राहून एकेकीच्या हातात डिस्चार्ज कार्ड देत होतो. ती आपल्या पायांनी चालत आली. चेहरा उतरलेला, पण कण्हणं नव्हतं. म्हणाली, "थांबलं बगा अण्णा. एकदम थांबलं. तुमच्या खाटेचाच गुण."

मी कार्ड दिलं. त्यावर माझ्या अक्षरात होतं, तपासणी झाली, प्रकृती ठीक. खाली सही-शिक्का.

"जपून ठेवा," मी म्हणालो.

कॉलेजला मान्यता मिळाली. पेढे वाटले.

पुढच्या तपासणीला गाडीबरोबर मी स्वतः गेलो होतो. बायका गोळा करणारी एक मुकादमीण होती, तिला विचारलं, ती हसवणारी आक्का येत नाही का?

"ती? ती गेली की वो अण्णा. गेल्या कॅम्पातनं आली आन् चौथ्या दिवशी गेली. नवी सून आणलीती घरात, तिनं कायतरी घातलं खायाला म्हणत्यात."

मी म्हणालो, "काय घातलं?"

"ताक-भात घातलावता म्हणं. त्यात काय हुतं कुणाला ठावं? हॉस्पिटलातनं धडधाकट आलती. कागद हाय की."

पुढचं तिनं गाडीत बसता बसता सांगितलं. आक्काची लेक त्याच गावात दिलेली. आई कण्हायला लागली तेव्हा लेकीनं माझं कार्ड शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. प्रकृती ठीक. मग आत्ताच हॉस्पिटलातून आलेल्या बाईला आणखी कुठं न्यायचं? दोन दिवस घरीच ठेवली. दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं तरी शिवेना. कुणी काय, कुणी काय बोलून बघितलं. शेवटी लेक पुढं झाली आणि सुनेकडं बोट करून म्हणाली, "आई, हिला उद्या म्हायेरी धाडतो." आणि कावळा शिवला.

"कावळ्यालाबी कळलं की," मुकादमीण म्हणाली. "तिच्या जागी दुसरी आणलीया, काळजी नगं."

त्या दुसरीला मी सातवी खाट दिली.

संध्याकाळी मी जुन्या गठ्ठ्यातून आक्काचा केसपेपर काढला आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. फाडून टाकणार होतो. कागद फाडणं माझ्या हाताला जमत नाही. तो कपाटात, माझ्या दाखल्यांच्या खाली गेला.

तिला काय झालं होतं ते मला वर्षभरानं कळलं. वखारीच्या व्हरांड्यात एक सर्जन विद्यार्थ्यांना शिकवत होते. आता विद्यार्थी होते. मान्यता मिळालीच होती. मी गठ्ठे घेऊन चाललो होतो. ते म्हणाले, "आधी बेंबीपाशी, मग उजवीकडं खाली. उलटी. ताप. वेळेवर कापलं तर आठ दिवसांत घरी. आणि लक्षात ठेवा, दुखणं एकदम थांबलं तर खूश होऊ नका. अपेंडिक्स फुटलेलं असतं. पेशंट म्हणतो बरं वाटतंय, तेव्हा तो मरायला लागलेला असतो."

विद्यार्थी लिहून घेत होते. मी उभा राहिलो. सर्जन म्हणाले, "काय हवंय?" मी म्हणालो, काही नाही.

हॉस्पिटल वाढलं. वखारीच्या चारी बाजूंनी मजले चढले. खऱ्या माणसांची रीघ लागली. आज तिथं व्हरांड्यात गाद्या टाकाव्या लागतात. मी ज्या डॉक्टरांचे दाखले लिहिले त्यांनी हजारो माणसं जगवली असतील. ते मी नाकारत नाही. पण वखार पाडली नाही. तिच्यात बायकांचा जुना वॉर्ड तसाच होता, आणि काही वर्षांनी त्या वॉर्डात एक नवीन आया लागली.

महिनाभरानं ती माझ्या खिडकीशी आली. तिशीही गाठलेली नव्हती. म्हणाली, "अण्णा, हितं समद्यांचं कागद ऱ्हात्यात म्हणं. माझ्या सासूचा मिळंल काय?"

गाव सांगितलं, वर्ष सांगितलं. मी रजिस्टर उघडायचं सोंग केलं. तिला माहेरी धाडलं ते परत बोलावलंच नव्हतं. नवऱ्यानं दुसरी केली. भावाच्या घरात एका खोलीत राहत होती.

"कशाला हवाय कागद?"

"तिला दुखणं हुतं असं त्यात असंल की. त्येवढं दाखवतो."

मी म्हणालो, "त्या वर्षाचे गठ्ठे वाळवीनं खाल्ले."

मग म्हणाली, "बरं," आणि गेली. दोनेक वर्षांनी पुन्हा आली, तेच विचारलं. मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी मान वर न करता हात हलवला. त्यानंतर विचारलं नाही. पण मी निवृत्त होईपर्यंत रोज दिसायची. सातव्या खाटेखालची फरशी पुसताना दिसायची. "अण्णा, चा झाला काय?" विचारायची. चांगली बाई. तपासणीच्या दिवसांत, बायका आणायची गरज होती तोवर, त्यांच्यावर चादरी तीच घालायची.

तर स्मरणिकेचं चौथं पान मी हे असं लिहिलं आणि पाठवून दिलं. आठ दिवसांनी प्राध्यापकांचा फोन आला.

"आजोबा, लेख सुंदर झालाय. ते बैलगाडीतलं मशीन तर फारच छान. चौथं पान तेवढं काढू या."

"का?"

"आता कोण आहे त्यातलं?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांना म्हटलं, मग एकही पान छापू नका. आणि केसपेपर काढला, निपाणीची बस धरली.

ती आया माहेरच्याच खोलीत होती. तीही आता निवृत्त. केस पांढरे झालेले. मला दारात बघून तिनं पदर सावरला. पाणी दिलं. मी पाण्याआधी कागद पुढं केला. "वाळवीनं खाल्लं नव्हतं," म्हणालो.

तिनं कागद उलटासुलटा केला. परत माझ्या हातात दिला. "मला वाचाय कुठं येतंय? वाचा तुमी."

मी वाचलं. ताप नाही. उलटी नाही. जेवण ठीक. मग कागद खाली ठेवून खरं काय होतं ते सांगितलं. मनगट, हात, दहा पावलं. ती विळीवर बसून भाजी चिरत होती, चिरत राहिली.

"मला ठावं हुतं अण्णा," ती म्हणाली. "वाळवी लागली असती तर गठ्ठं भाईर काढून जाळलं असतं, आन् राख मीच भरली असती. मी तीनदा आले ते वाचाय न्हवं. तुमी कवातरी म्हणशीला म्हणून."

मी कागद उचलून पुन्हा घडी घालू लागलो.

"मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मी ताक-भातच घातलावता, हे मला ठावंच हाय. तिकडं चला. तितं म्हणा."

सासरचं गाव दोन कोसांवर. आम्ही रिक्षानं गेलो. इतक्या वर्षांत ती त्या गावात पाऊल टाकायला आली नव्हती. नवरा वारला तेव्हाही तिला कुणी कळवलं नव्हतं. नणंद, म्हणजे आक्काची लेक, दारात ज्वारी पाखडत बसली होती. साठी ओलांडलेली, अंगानं मोठी. तिनं वहिनीला ओळखलं आणि सूप थांबलं.

"का आलीस?"

"ह्ये अण्णा बोलणार हायत. आयका."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगितलं, मी कोण, काय केलं. शेजारच्या दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या. माझं झाल्यावर नणंद उठली, आत गेली आणि देवाच्या फोटोमागून एक पिवळा पडलेला पुठ्ठा घेऊन आली. माझं कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेलं.

"ह्यावर सई तुमचीच न्हवं?"

"माझीच."

"ह्ये लिवलं तवा तुमी शिकल्यालं, शाणं. आता म्हातारं झालासा. मग त्ये खोटं आन् आजचं खरं, ह्ये कशावरनं? हिनं पडवलं असंल तुमाला."

जन्मभर मी जे काही लिहिलं, त्यातलं एक अक्षरही त्या क्षणी माझ्या बाजूनं उभं राहीना.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आईनं तुमाला सांगितलंतं? दुखतंय म्हणून?"

"सांगितलं. माझं मनगट धरून सांगितलं. म्हणाली, खरंच दुखतंय. मी म्हणालो, असंच म्हणायचं आक्का, झ्याक जमतंय."

नणंद खाली बसली. सुपातली ज्वारी सांडली, ती तिनं उचलली नाही.

"झ्याक जमतंय," ती म्हणाली. "ह्येच म्हणालती आई. त्या सांजंला आली, हसत हुती. म्हणाली, सायेब म्हणला झ्याक जमतंय. मी म्हणाले, मग करून दाव की गं. तिनं करून दावलं. आमी समदी हसलो." तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "दुसऱ्या दिशी कण्हाय लागली, तवा मला वाटलं अजून तेच करतीया. मी म्हणाले, आता पुरं गं आई. दिसभर म्हणत हुते, पुरं गं."

कार्ड तिच्या मांडीवर होतं.

"ह्ये मी कुणाला सांगू?" ती म्हणाली. "कुणाच्यातरी अंगावर घालाय पायजे हुतं."

वहिनी दारातच उभी होती. तिनं वाकून मांडीवरचं कार्ड उचललं आणि माझ्याकडच्या केसपेपरबरोबर आपल्या पिशवीत घातलं. नणंद म्हणाली, "वयनी, आत ये." पहिल्यांदाच वहिनी म्हणाली.

"नगं," ती म्हणाली. "बस चुकंल."

आम्ही चौकाकडं चालत निघालो. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला काही बोलेल. ती चालताना एवढंच म्हणाली, "दोन्ही कागद आता खरं लिवा, अण्णा. तुमच्या हातानं. तुमी लिवल्यालं लोक जपून ठेवत्यात." म्हणून हे लिहिलं आहे.

चौकात एक पांढरा टेम्पो उभा होता. आमच्या हॉस्पिटलचा नव्हे. पलीकडं एक नवीन कॉलेज निघालंय, त्यांचा. हातात यादी घेतलेला एक माणूस बायकांची आधार कार्डं बघून त्यांना आत बसवत होता. कॅम्प आहे म्हणाला, दोन दिवसांचा. बायका खिदळत होत्या. एकमेकींना विचारत होत्या, तुला काय झालंय गं, मला तर साखर झालीया.

मी तिथंच थांबलो. ती थांबली नाही. सरळ टेम्पोच्या दाराशी गेली आणि आत वाकून म्हणाली, "बायांनो, तुमच्यातलं कुणाचं खरंच दुखतंय काय गं?"

सगळ्या हसल्या. मागच्या बाकावर खिडकीला टेकलेली एक हसली नाही.

ती आत चढली. आयाच्या सवयीनं तिनं उलटा हात त्या बाईच्या कपाळाला लावला आणि तसाच ठेवला. मग मला हाक मारली. "अण्णा, हिला उतरवून घ्या. रिक्षा थांबवा."

यादीवाला पुढं आला. "ओ आजी, असं मधनंच उतरवू नका. मोजून माणसं न्यायची हायत. एक खाट मोकळी पडंल."

"पडू दे," ती म्हणाली.